तीन ओळींना पंचांग हवे

आधी एक छोटी कविता वाचू.

बंद दार
अंगणात शेकोटीची राख
दिवाळीच्या रात्रीची

ओळी माझ्याच आहेत आणि त्या थोर आहेत असा दावा नाही. त्या इथे ठेवल्या त्या एवढ्यासाठी, की त्यांचे दोन अर्थ होतात आणि ते दोन अर्थ वेगवेगळ्या गावांत राहतात. पुण्यातल्या वाचकाला हे एक उदास चित्र वाटेल. सण सरला, घरात कोणी नाही, राख उरली. तो क्षणभर थांबेल, 'छान आहे' म्हणेल आणि पान उलटेल. सातपुड्यातल्या धडगावच्या वाचकाला मात्र या ओळींत तारीख दिसेल. गावची दिवाळी झाली, मुकादमाची गाडी आली, आणि घरातली हातीपायी धड असलेली सगळी माणसे भांडीकुंडी, गोधड्या, लेकरे घेऊन ऊसतोडीला गेली. अंगण झाडायलाही कोणी मागे राहिले नाही. आता हे दार होळीलाच उघडेल. कवितेत नसलेला एवढा सगळा मजकूर तो स्वतःच्या पदरचा घालतो, आणि घालतो आहे हे त्याच्या लक्षातही येत नाही.

छोट्या कवितेबद्दल आपण नेहमी उलटे बोलतो. ती क्षण टिपते, आठवण जपते, थोडक्यात पुष्कळ सांगते, असे म्हणतो. माझे म्हणणे असे, की छोटी कविता काहीही जपत नाही. तिच्यात जागाच नसते. ती वाचकाच्या आठवणीवर जगते. कादंबरी आपला मुलूख सोबत घेऊन येते. पाचशे पानांत ती वाचकाला त्या मुलखाचा रहिवासी करून सोडते. तीन ओळींना ती चैन परवडत नाही. म्हणून कविता जितकी आखूड, तितके तिच्यामागचे समाईक पंचांग लांबरुंद लागते. मराठीने गेल्या पन्नास वर्षांत तीन ओळी आनंदाने घेतल्या, पंचांगाचा मात्र विचार केला नाही. आणि असे पंचांग अजून रोजच्या वापरात कुठे आहे, हे पाहायचे तर नंदुरबार जिल्ह्याच्या हिवाळ्याकडे पाहावे.

जपानमधून हायकू आला तेव्हा काय आले आणि काय राहिले, ते आधी पाहू. रवींद्रनाथ ठाकुरांनी जपानच्या प्रवासानंतर हायकूकार बाशोच्या ओळी बंगालीत आणल्या, त्याला शंभरहून अधिक वर्षे झाली. मराठीत हा प्रकार रुजवण्याचे श्रेय शिरीष पै यांचे. सत्तरच्या दशकात त्यांनी हायकू लिहायला घेतले आणि 2017 साली त्यांचे निधन होईपर्यंत मराठीत हायकू म्हटले की त्यांचेच नाव निघे. त्यांनी अक्षरसंख्येचा हट्ट धरला नाही. तीन ओळी, त्यांतल्या दोहोंना यमकाचा हलका धागा, आणि शेवटी मनाला बसणारा छोटा हिसका, असा बांधा त्यांनी मराठीला मानवेल असा घडवला. शांता शेळके यांनी जपानी हायकूंचे अनुवाद 'पाण्यावरल्या पाकळ्या'मधून दिले. त्यानंतर हायकू मराठी मासिकांच्या कोपऱ्यांत, दिवाळी अंकांच्या उरलेल्या जागेत आणि पुढे फोनच्या पडद्यावर पसरला. चंद्रशेखर गोखले यांच्या 'मी माझा'मुळे चारोळीची लाट आली, तेव्हा तर छोटी कविता घराघरांत पोचली.

या सगळ्या काळात वाद झाला तो पाच-सात-पाचचा. अक्षरे मोजावीत की मोजू नयेत, यमक हवे की नको. पण जपानी हायकूचा खरा आधार अक्षरांच्या मोजणीत नाही. पारंपरिक हायकूत एक ऋतुशब्द लागतो. तो एक शब्द आला की वाचकाला महिना कळतो, हवा कळते, घरात कोणते काम चालले असेल ते कळते. अशा शब्दांचे कोश जपानमध्ये पिढ्यान्पिढ्या तयार होत आले आहेत. त्यांत वसंत, ग्रीष्म, शरद, हिवाळा असे भाग असतात आणि नववर्षाचा सण हा स्वतंत्र पाचवा भाग असतो. म्हणजे सण हाच एक ऋतू मानलेला आहे. बाशोला तीन ओळींत इतके मोकळे राहता आले, कारण बाकीचे ओझे त्या सामाईक शब्दसंग्रहाने उचलले होते.

आपण तीन ओळी घेतल्या आणि हा कोश जपानातच ठेवला. त्याची जागा आपोआप एका नेमस्त निसर्गाने घेतली. पक्षी, फांदी, पाऊस, खिडकी, चांदणे, ओंजळ. यांतला पाऊस कुठला? कोकणातला, की शहाद्याच्या सपाटीवरचा? खिडकी कोणत्या मजल्यावरची? कवितेला फरक पडत नाही, म्हणून वाचकालाही पडत नाही. शिरीष पै यांची नजर इतकी ताजी होती, की त्यांच्या चांगल्या हायकूंना ही उणीव बाधली नाही. त्यांच्यामागून आलेल्या शेकडो जणांना ती बाधली. आज मराठी हायकूंच्या ढिगातून दहा उचलले, तर ते कोणत्या जिल्ह्यात आणि कोणत्या महिन्यात लिहिले गेले हे बहुधा ओळखता येणार नाही. ज्या प्रकारात काळ आणि जागा हेच मुद्दल, त्यात ही तूट फार मोठी आहे.

हे वाण आपल्याकडे नव्हते असेही नाही. उलट या देशातल्या फार जुन्या छोट्या कवितांपैकी काही आपल्याच आहेत. सातवाहन राजा हालाच्या नावावर असलेली गाथासप्तशती महाराष्ट्री प्राकृतात आहे. दोन ओळींची एक गाथा, अशा सातशे. स. आ. जोगळेकरांनी 1956 साली तिची मोठी मराठी आवृत्ती काढली. तिच्यात देवादिकांची स्तोत्रे थोडी आणि शेतकरी, पारधी, वाटसरू, नणंदा-भावजया पुष्कळ. त्यातल्या एका गाथेत माघ महिना आहे. एक शेतकरी ऐन थंडीत आपले पांघरूण देऊन बैल घेतो, कारण घरात बायकोची ऊब आहे. दोन ओळींत महिना, बाजारभाव, गरिबी, संसार आणि शृंगार, सगळे एकमेकांना धरून उभे आहे. माघ हा शब्द काढून टाका, गाथा कोसळते. माघात पांघरूण विकणे म्हणजे काय, हे ज्याला ठाऊक त्यालाच त्या व्यवहारातले हसू कळते.

दुसरी एक गाथा तर आपल्या विषयाच्या आणखी जवळची आहे. मरणपंथाला लागलेली एक स्त्री तापीच्या पवित्र काठावर आहे. पुण्य गाठीला बांधायची ही वेळ. आणि ती कबूल करते, की आजही आपली नजर त्या तिथल्या झुडपांच्या जाळीकडेच जाते आहे. तिथे काय झाले होते, कधी, कोणाबरोबर, यातले काहीही सांगितलेले नाही. आठवण ही अशी असते. ती गोष्ट सांगत नाही, जागेकडे बोट दाखवते. ही तापी आज नंदुरबार जिल्ह्याच्या मधून वाहते. प्रकाशे तिच्याच काठावर आहे आणि त्याला दक्षिणकाशी म्हणतात. दोन हजार वर्षांपूर्वी मराठीच्या पूर्वज भाषेने तापीकाठाला एका छोट्या कवितेत असे गाठले होते, आणि आज आपण बांबूच्या बनात पडलेल्या चंद्राबद्दल लिहीत आहोत.

जात्यावरच्या ओव्यांचेही तेच. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांच्या पुढाकाराने महाराष्ट्रातल्या खेड्यांतून गोळा झालेल्या ओव्यांची संख्या लाखाच्या वर गेली. त्यांतल्या एकेका ओवीत सांगितलेले फार थोडे असते, कारण जात्याच्या दुसऱ्या बाजूला बसलेलीला बाकीचे माहीत असते. पिठाची गिरणी आली आणि ओवीचे शब्द हरवले नाहीत. ओवीची वेळ हरवली. पहाटे दोघींनी समोरासमोर बसण्याचा तास संपला आणि तिच्यातली अर्धी कविता त्या तासाबरोबर गेली. छोटी कविता कशावर तगते, याचा याहून स्वच्छ पुरावा मिळणार नाही.

आता नंदुरबार. 1 जुलै 1998 रोजी धुळ्यातून वेगळा झालेला हा सहा तालुक्यांचा जिल्हा. 2011च्या जनगणनेत लोकसंख्या साडेसोळा लाखांच्या आसपास आणि त्यांतले जवळपास सत्तर टक्के लोक आदिवासी. उत्तरेला नर्मदा, मधून तापी, दोहोंमध्ये सातपुडा. बोलणे अहिराणीत, गुजरीत, भिलीच्या अनेक रूपांत, मावचीत, पावरीत, कोकणीत. शाळेत मराठी आणि बाजारात गुजराती. इथला हिवाळा भिंतीवरच्या कॅलेंडरमधून चालू होत नाही. तो अस्तंब्याच्या शिखरावरून खाली उतरतो. धनत्रयोदशीच्या सुमारास धडगाव तालुक्यातल्या अस्तंबा डोंगराची यात्रा असते. जखम घेऊन भटकणारा अश्वत्थामा या डोंगरात आहे, जखमेसाठी तेल मागतो, वाट चुकलेल्याला वाट दाखवतो, अशी श्रद्धा. गुजरात आणि मध्य प्रदेशातूनही तरुण टोळ्याटोळ्यांनी येतात आणि थंडीत चढण चढतात. ती यात्रा उतरली की डोंगरातल्या दिवाळ्या सुरू होतात. इथे अनेकवचन मुद्दाम वापरले. सातपुड्यातल्या पाड्यांवर दिवाळी अमावास्येला बांधलेली नसते. पंच बसतात, गावाचा दिवस ठरवतात. आज या गावाची, चार दिवसांनी शेजारच्या गावाची. सोयरे एकमेकांच्या दिवाळीला जाऊ शकतात, ही त्यातली खरी सोय. 'दिवाळीची रात्र' असे कवितेत लिहिले, तर इथला वाचक पहिला प्रश्न करेल, 'कुठल्या गावची?'

मग मार्गशीर्ष. सपाटीवर चंपाषष्ठी आली की चातुर्मासात सोडलेले वांगे पुन्हा ताटात येते आणि भरताचे दिवस सुरू होतात. मोठे हिरवे वांगे तुरीच्या किंवा कपाशीच्या काट्यांवर भाजायचे, ओली मिरची, लसूण, कांद्याची पात, आणि सोबत कळण्याची भाकरी किंवा पुरी. शेतात वीस-पंचवीस माणसे जमतात, पण भरीत तयार झाल्यावर बोलणे आपोआप थांबते.

मार्गशीर्षातल्या पौर्णिमेला, दत्तजयंतीला, सारंगखेड्याची यात्रा. तापीच्या काठावर एकमुखी दत्ताचे मंदिर आणि त्याच्या आधाराने भरणारा घोड्यांचा बाजार. पंजाब, राजस्थान, उत्तर प्रदेश, गुजरातेतून घोडे येतात; मारवाडी, काठेवाडी, पांढरेशुभ्र नुकरे. गेल्या काही वर्षांत पर्यटन खात्याच्या मदतीने चेतक महोत्सव सुरू झाला, तंबू आले, घोड्यांचे नाच आणि शर्यती आल्या, आणि कोट्यवधींच्या किमतीच्या घोड्यांच्या बातम्या छापून येऊ लागल्या. बातमीला किंमत लागते. कवितेला मात्र त्याच बाजारातले काहीतरी वेगळे दिसायला हवे:

घोडी विकली
पोराच्या खिशात उरले
भिजवलेले हरभरे

या ओळींत यात्रेचे नाव नाही. पण तापीच्या दोन्ही काठांवर कोणालाही विचारा, हा कोणता आठवडा ते तो सांगेल. नंदुरबार शहरात त्याच दिवसांत मिरचीच्या पथाऱ्या पडलेल्या असतात. बाजार समितीत ओल्या लाल मिरचीची आवक होते, व्यापारी ती घेतात आणि शहराबाहेरच्या मोकळ्या रानांत वाळायला पसरतात. लांबून पाहिले तर जमीनच लाल झालेली. तिथे देठ खुडायला बायका बसतात, तोंडाला फडके बांधून, आणि मजुरी किलोवर मिळते. शहरात शिरताना गाडीची काच खाली असेल, तर हिवाळा घशाला कळतो.

लाल पथारी
आई देठ खुडते
झोळी शिंकते

वर डोंगरात याच वेळी डाबच्या पट्ट्यात आणि वालंब्याकडे पारा असा उतरतो, की काही वर्षी सकाळी गवतावर, गाड्यांच्या टपावर दव गोठलेले सापडते. वर्तमानपत्रे 'सातपुड्यात काश्मीर' असा मथळा देतात. ज्याच्या घराला कुडाच्या भिंती आहेत, त्याला काश्मीर आठवण्याचे कारण नाही.

कडब्यावर पांढरं
आजी बोट लावून चाटते
मीठ नाही, थंडी

संक्रांतीला नंदुरबार शहर छपरावर असते. गुजरात अगदी लागून. मांजा, उंधियू, जिलेबी-फाफडा हे सगळे सीमेचा विचार न करता इकडे आलेले आहे. डोंगरात याच काळात ज्यांचा नवस असेल त्यांच्या घरी इंदल होते. कळमाच्या फांद्या आणून रोवतात, रात्रभर ढोल आणि गाणे चालते, सगळे नातेगोते जमते. पुढे महाशिवरात्र. एक गर्दी तोरणमाळला जाते, दुसरी हद्दीपलीकडे देवमोगऱ्याला याहामोगीच्या दर्शनाला, नव्या धान्याच्या टोपल्या घेऊन. आणि मग होळीआधीचे भोंगऱ्याचे बाजार, डाबची पहिली होळी, काठी गावची राजवाडी होळी. उंच बांबू, मोरपिसांचे टोप, कमरेला घुंगरांचे पट्टे, अंगावर राखेच्या नक्षीचे बुध्या-बावा. तिथे इथला हिवाळा संपतो. थर्मामीटर काहीही म्हणो.

अस्तंब्यापासून काठीपर्यंत, धनत्रयोदशीपासून फाल्गुन पौर्णिमेपर्यंत, एक सलग ऋतुकोश इथे वापरात आहे. जपानने जो कोश कवींसाठी छापला, तो इथे लोकांनी न छापता चालवला. असे असूनही नंदुरबारवरची छोटी कविता शोधायला गेलो, तर हाती लागतात महोत्सवाच्या फलकांवरच्या यमकबद्ध ओळी. हे का होते?

कारण इथल्या हिवाळ्याचे पंचांग एक नाही, दोन आहेत. आतापर्यंत सांगितले ते सणांचे. दुसरे मुकादमाचे. ते पावसाळ्यातच उघडते. घरात दाणे संपत आले की उचल घेतली जाते. उचल म्हणजे येणाऱ्या हंगामाच्या मजुरीवर आधीच घेतलेला पैसा. त्याबदल्यात दिवाळीनंतर नवरा-बायकोची जोडी, हिशेबात जिला एक 'कोयता' म्हणतात, ऊसतोडीला जायला बांधली जाते. बारडोली, सुरत, नवसारी या दक्षिण गुजरातच्या पट्ट्यातल्या साखर कारखान्यांना ऊस पुरवणाऱ्या टोळ्यांत डांग, धुळे आणि नंदुरबारच्या डोंगरातले लोक मोठ्या संख्येने असतात. काही टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात जातात, काही जण सुरतेच्या बांधकामांवर. उघड्यावर पालांचा पडाव पडतो. भर रात्री गाडी भरायला उठावे लागते. सोबत गेलेल्या मुलांची शाळा अर्ध्यावर सुटते. त्यांना गावातच ठेवता यावे म्हणून हंगामी वसतिगृहांची योजना करावी लागली, यावरूनच गोष्ट किती मोठी ते कळावे.

म्हणजे ज्या महिन्यांत सारंगखेड्यात घोडे नाचतात, त्याच महिन्यांत डोंगरातले कितीतरी पाडे अर्धे रिकामे असतात. मागे राहतात म्हातारी माणसे, थोडी मुले आणि शेळ्या. सणांचे पंचांग म्हणते, हे एकत्र येण्याचे दिवस. मुकादमाचे पंचांग म्हणते, हे पांगण्याचे दिवस. दोन्ही खरी. नंदुरबारच्या हिवाळ्यावरची जी कविता यांतले एकच पंचांग वाचते, ती एकतर पर्यटनाची जाहिरात होते किंवा अहवाल. पहिलीत मोरपिसे असतात, दुसरीत आकडे. छोट्या कवितेचे खरे काम या दोन पंचांगांच्या सांध्यावर आहे, आणि ते काम तिला इतर कोणत्याही प्रकारापेक्षा चांगले जमते. लेखाला दोन्ही गोष्टी क्रमाने सांगाव्या लागतात. आधी सण, मग स्थलांतर, मध्ये 'परंतु'. तीन ओळींना 'परंतु'ची गरज नसते. त्या दोन गोष्टी शेजारी ठेवतात आणि गप्प बसतात:

फडात पडला
कुणाच्या संक्रांतीचा पतंग
कोयता थांबला

थांबलेला कोयता ही सुटी नाही. तो किती वेळ थांबला, पोराने पतंग उचलला का, मुकादमाने हाक मारली का, हे ओळी सांगत नाहीत. पण संक्रांत एकाच दिवशी एकाची छपरावर आणि दुसऱ्याची फडात असते, हे त्या वाद न घालता सांगतात. स्मरण आणि अन्याय यांना एकाच क्षणात पकडण्याची ही ताकद छोट्या कवितेत आहे, म्हणून तिला केवळ हळुवारपणाच्या खात्यात टाकणे मला मान्य नाही.

यावर तीन आक्षेप येतील, आणि ते हलके नाहीत.

पहिला असा, की एवढ्या छोट्या आकारात एवढे मोठे दुःख घालणे हे दुःखाचे दागिने करणे आहे. हा धोका खरा आहे. पण त्याचे उत्तर याच जिल्ह्याने दिलेले आहे. शहादा परिसरातल्या श्रमिक संघटनेच्या चळवळीतून आलेले भिल्ल कवी वाहरू सोनवणे यांचा 'गोधड' हा संग्रह 1987 सालचा. त्यांची 'स्टेज' ही कविता आकाराने छोटीच आहे. ज्यांच्याबद्दल बोलले जाते त्यांना मंचावर जागा नसते आणि मंचावरचे लोक त्यांचेच दुःख त्यांना समजावून सांगत राहतात, एवढीच तिची गोष्ट. तिच्यात अलंकार जवळपास नाहीत. ती अनेक भाषांत गेली आणि आजही चळवळीच्या बैठकांत वाचली जाते. दुःखाचा दागिना होतो तो सजवल्यामुळे, लहानपणामुळे नव्हे.

दुसरा आक्षेप 'स्टेज'मधूनच निघतो. मग सपाटीवरच्या लेखकाने डोंगरातल्या बंद दारावर ओळी लिहाव्यातच का? वर आलेल्या ओळी तशाच आहेत. याला माझे उत्तर अर्धेच आहे. बाहेरच्याला जे अंगणातून दिसते तेवढे त्याने लिहावे. दाराच्या आतले लिहू नये. राख दिसते, पांढरा कडबा दिसतो, थांबलेला कोयता दिसतो. आतल्या माणसाला काय वाटले हे त्याचे त्याने लिहायचे, आणि त्याच्या भाषेत लिहायचे. पावरीत, वसावीत, मावचीत, अहिराणीत. या भाषांत दोन ओळींत बोलून मोकळे होण्याची सवय गाण्यांतून आधीच आहे. होळीच्या रात्री एक बाजू ओळ टाकते आणि दुसरी ती उचलते, तेव्हा तिथे छोटी कविताच चाललेली असते. तिला हायकू म्हणवून घेण्याची काही गरज नाही.

तिसरा आक्षेप व्यवहारी आहे. इतके स्थानिक शब्द घातले तर बाहेरच्या वाचकाने काय करावे? पथारी, पडाव, इंदल, बुध्या यांच्या टिपा द्यायच्या का? मला वाटते, द्याव्यात. गाथासप्तशती टीकांशिवाय कोण वाचतो? बाशोही टिपांसहच जगभर गेला. टिपेची लाज वाटून शब्द सपाट करणे म्हणजे घोडीऐवजी 'प्राणी' लिहिणे. वाचक एकदा शब्द शिकला की पुढची कविता त्याला टिपेशिवाय लागते आणि त्या मुलखाच्या पंचांगात त्याला थोडी जागा मिळते. सगळ्यांना लगेच कळावे म्हणून लिहिलेली कविता बहुधा कोणाच्याच आठवणीत राहत नाही.

आणखी एक गोष्ट या कोशाला निकडीची करते. ऋतू स्वतः डळमळले आहेत. ऐन हिवाळ्यात अवकाळी पाऊस येतो आणि पथारीवरची मिरची काळी पडते. हरभरा, गहू झोपतो. जपानमध्येही जुने ऋतुशब्द आणि आजची हवा यांचा मेळ सुटू लागल्याची चर्चा आहे. काहींना वाटेल, मग ऋतुशब्दांचा खटाटोप कशाला? मला नेमके उलटे वाटते. पथारी कोरडी असावी लागते हे ज्या वाचकाला ठाऊक आहे, त्यालाच 'भिजलेली पथारी' हे दोन शब्द धक्का देतील. ज्याला ठाऊक नाही त्याच्यासाठी तो फक्त पाऊस. काय बिघडले हे कळायला आधी काय नेमाचे होते याची नोंद लागते.

म्हणून मागणी साधी आहे. नंदुरबारचा एक ऋतुकोश व्हावा. विद्वानांच्या समितीने बसून करण्याचे हे काम नाही. आश्रमशाळांतल्या आणि जिल्हा परिषदेच्या शाळांतल्या मुलांनी घरून एकेक शब्द आणावा, एवढ्याने सुरुवात होते. शब्द, तो कोणत्या बोलीतला, कोणत्या गावचा, कोणत्या महिन्यात तोंडी येतो, आणि खाली मुलाच्या दोन-तीन ओळी. अस्तंब्याची चढण येईल, गावदिवाळीचा दिवस ठरवणारी पंचांची बैठक येईल, भरताचा धूर येईल. पण त्याच कोशात 'उचल', 'कोयता', 'पडाव', 'गाडी भरणे' हेही शब्द हिवाळ्याच्याच पानावर यायला हवेत, सणांच्या शेजारी, वेगळ्या परिशिष्टात नाहीत. जी मुले हंगामात फडावर असतात त्यांनी परत आल्यावर आणलेले शब्द तर आधी घ्यावेत, कारण ते दुसऱ्या कोणाकडे नाहीत. असा कोश झाला तर जिल्ह्याला पुढच्या पन्नास वर्षांचे कवी मिळतील की नाही, सांगता येत नाही. वाचक मात्र नक्की मिळतील, आणि छोट्या कवितेला आधी तेच लागतात.

तोवर मासिकाच्या कोपऱ्यात तीन ओळी छापणाऱ्या संपादकांनी एवढे करावे. यमक जुळले का, अक्षरे किती, हे नंतर पाहावे. आधी कवीला विचारावे: ही कविता कुठल्या गावची, कोणत्या महिन्यातली, आणि त्या दिवशी गावात कोण नव्हते? तिन्हींची उत्तरे ओळींतच सापडली तर ती कविता जरूर छापावी. फक्त कवीला तोंडी सांगता आली, तर ओळी अजून लिहून व्हायच्या आहेत.